चपलेवरचा पाय

बत्तीस वर्षं बस चालवली आप्पांनी. डेपोत त्यांना ‘लोणी’ म्हणायचे, कारण त्यांच्या बसमध्ये उभ्याने चहा प्यायला तरी सदऱ्यावर थेंब सांडत नसे. अशा माणसाचं नाक कापलं ते मुलाच्या नव्या ऑटोमॅटिक एसयूव्हीने!

मोठ्या रस्त्यावर गाडी अगदी गुणाची. पण गल्लीत शिरली, वेग दहा-पंधरावर आला, की मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का. नातीला शाळेत पोचवायचं काम आप्पांकडे होतं. निवृत्तीनंतर तेवढं एकच काम त्यांच्या वाट्याला उरलं होतं म्हणा ना! शाळेच्या फाटकाशी रोज दोन झटके ठरलेले. एकदा तर पोरीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि हे एवढं टेंगूळ आलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी गॅरेजमध्ये दाखवून आला. “गाडीत काही दोष नाही, आप्पा. तुमचा पाय आता पहिल्यासारखा राहिला नाही.”

आप्पा भांडले असते, पण चोराच्या मनात चांदणं. गाडी नवी होती तेव्हा दोनदा त्यांचा डावा पाय जुन्या सवयीने क्लच शोधायला गेला होता आणि ब्रेकवर पडला होता. तिसऱ्यांदा गेला नाही, याची त्यांना खात्री होती. पण नातीचं टेंगूळ बघितल्यावर कसली खात्री न् कसलं काय! त्यांनी मुकाट्याने खिशातून आपल्याकडची चावी काढून दिली. नात व्हॅनने जायला लागली. लायसन्सची मुदत संपली, तेव्हा आप्पा ते नवं करायला गेलेच नाहीत.

तरी हाडाचा ड्रायव्हर तो, गप्प कसा बसणार? रोज सकाळी खुर्चीत बसायचं, डावा पाय खाली दुमडून घ्यायचा आणि पालथ्या चपलेवर उजवा पाय हळूहळू दाबायचा, सोडायचा. पाय सुधारतोय का ते बघायचं. सुनेने विचारलं तर म्हणायचे, “मुंग्या येतात गं.” समोर मुलगा चहा पीत बसलेला असायचा.

“बघा, माझ्या हातात एकही झटका नाही,” असं तो अधूनमधून म्हणायचा. आप्पा मान हलवायचे.

वर्षभराने सर्व्हिसिंगला जाताना मुलाने त्यांना सोबत नेलं. तो बाहेर फोनवर बोलत होता, तेवढ्यात मेकॅनिक बाई मागच्या दुरुस्तीचा कागद घेऊन आप्पांजवळ आली.

“काका, गल्लीतले झटके परत नाही ना आले?”

“मी नाही चालवत आता. माझा पाय बिघडलाय.”

“पाय कसला! गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह अडकत होता. मीच बदलला. कुणीही चालवली असती तरी धक्का बसलाच असता, असं तुमच्या मुलाला सांगितलं होतं की मी.”

आप्पांनी कागदावरची तारीख वाचली. टेंगूळ आलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे मुलाच्या हातात चावी ठेवली, तेव्हा गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती. गल्लीत एक फेरी मारली असती तरी कळलं असतं!

मुलगा आत आला. बापाच्या हातातला कागद बघून त्याचा चेहरा उतरला.

“सरळ सांगितलं असतं तर चावी दिली असती का तुम्ही? सत्तरी उलटली, आप्पा. मला भीती वाटत होती.”

“नसती दिली. घर डोक्यावर घेतलं असतं मी.” आप्पांनी कागदाची घडी घातली. “पण तसं बोलायचं होतंस. वर्षभर मी चपलेवर पाय दाबत बसलो, आणि तू समोर बसून चहा पीत होतास रे.”

मुलाने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. आप्पा मागे जाऊन बसले.