उरलेला वेळ

तुर्दुबेकचे पत्र वसंतात आले होते. मी ते वाचले, घडी घातली आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिले. उत्तर काही लिहिले नाही. पत्रात मागणे एवढेच होते : ‘शरदात मला ऐंशी पूर्ण होतात. नारीनला ये. पंगत बसली की माझ्याबद्दल तू दोन शब्द बोल. मला लहानपणापासून ओळखणारा आता तूच उरलास.’

जायला मी आनंदाने गेलो असतो. पण चारचौघांत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. काराकोलच्या वाचनालयात मी आयुष्य काढले ते काही उगाच नाही. तिथे बोलायला मनाई असते.

त्यातच नात बेर्मेतचे लग्न ठरले. लग्नात जेवण आटोपले की सर्वांत वडील माणसाने तळहात पसरून आशीर्वाद द्यायचा, सगळ्यांनी ‘ओमिन’ म्हणत चेहऱ्यावरून हात फिरवायचे आणि मगच उठायचे. व्याही, आमच्या बोलीत कुदा, कादिरबेक माझ्यापेक्षा थोडेसेच लहान. एरवी या थोड्याशाचे मला कधी दुःख झाले नव्हते.

“ताता, तुम्हाला नाहीच जमलं तर कादिरबेक कुदा देतील आशीर्वाद,” बेर्मेत म्हणाली. “ते तर टपूनच बसलेत. पण मला घरातून निघताना तुमचाच हवाय.”

ती बिश्केकच्या एका कचेरीत कामाला आहे. तिथे म्हणे साहेबसुद्धा घड्याळ लावून बोलतात. तिने माझ्या फोनवर तसल्या घड्याळाचे अ‍ॅप घातले. बोलायला लागले की पडदा हिरवा, वेळ संपत आला की पिवळा, संपला की लाल. मी रोज समोवारसमोर उभा राहून सराव करू लागलो. पण पिवळा रंग काही मला दिसेना. त्याच्या आतच माझे बोलणे आटोपलेले असे.

“ताता, याला भाषण नाही म्हणत, तार म्हणतात!” बेर्मेत हसून म्हणाली. पण आतून ती काळजीत पडली होती, हे मला कळत होते.

लग्नाच्या हॉलमध्ये दुपार आमची आणि संध्याकाळ दुसऱ्या कुणाची. म्हणून बेर्मेतने तेच घड्याळ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावायला सांगितले. समारंभ चालवणाऱ्या तमादाने, एर्मेकने, नियम वाचून दाखवला : शुभेच्छा द्यायला प्रत्येक टेबलाला चार मिनिटे. पडदा लाल झाला की कोमुझ या तंतुवाद्यावरची एक ठेक्याची धून वाजेल आणि बोलणारा थांबेल.

पहिले उठले बेर्मेतचे तलासचे मामा. त्यांचे बोलणे लवकर संपले आणि ते पडद्याकडे बघून ओशाळले. पानात वाढलेले टाकून उठावे तसे त्यांना वाटले असावे. आमच्यात मानाच्या मांसाचा तुकडा ज्याला मिळतो, तो त्यातला थोडा कापून शेजाऱ्याला देतोच. मामांनी छातीवर हात ठेवला.

“माझं उरलेलं मिनिट मी माझ्या मेहुण्याला देतो!”

टाळ्या पडल्या, आणि बेर्मेतच्या नियमाचे तीनतेरा वाजले. त्यानंतर वेळेला मांसाचा भाव आला.

“अगं, मला दे ना तुझं अर्धं मिनिट!”

“तुला? गेल्या लग्नात तू मला फासळी दिली होतीस, नुसतं हाड!”

धूनही कामाची ठरली नाही. शुभेच्छा संपल्या की संगीत लागते आणि सगळे टेबल नाचते, ही आमची जुनी रीत. पडदा लाल झाला की बोलणाऱ्याला वाटे, हे आपल्याच सन्मानार्थ! तो माइक घेऊन नाचे आणि नाच संपला की पुढचे वाक्य सुरू करी. लाल रंगाची सगळे वाट बघू लागले. नवरीच्या रीतीप्रमाणे मान खाली घालून उभ्या असलेल्या बेर्मेतचे खांदे हसण्याने हलत होते.

कादिरबेकांनी तीन टेबलांकडून वेळ गोळा केला होता. त्यांनी आपल्या पणजोबांच्या घोड्यापासून सुरुवात केली. धून वाजली तेव्हा ते ओरडले, “अरे थांबा! पणजोबा अजून घोड्यावर बसलेच नाहीत!”

पणजोबा बसले, उतरले, मांस-शेवयांचे बेशबर्माक आले, संपले. तोवर संध्याकाळच्या लग्नाचे आचारी कढया घेऊन मागच्या दारात उभे राहिले होते.

एर्मेक माझ्यापाशी वाकला. “ताता, आता आशीर्वाद. नाहीतर कुदांना सांगू का?”

कादिरबेक बाह्या सावरू लागले होते. मी खिशातले आशीर्वाद लिहिलेले चार कागद काढले. माझी बायको जुमाश हिने ते काढून घेतले.

“ऊठ, म्हातारबुवा. कागद राहू देत. चष्मा लावलास की तू वाचनालयात निघून जातोस.”

मी माइकसमोर उभा राहिलो. पडदा हिरवा झाला. एकही शब्द आठवेना. बेर्मेतने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे बघत राहिलो, आणि बघता बघता तो पिवळा झाला.

“बेर्मेत,” माझ्या तोंडून निघून गेले, “पिवळा झाला गं!”

माइक चालू होता. ती खळखळून हसली, हसू टेबलामागून टेबल पसरत गेले, आणि जीभ सुटली. मी तळहात पसरले.

“तुमच्या दारात वाटसरूच्या घोड्याला पाणी मिळो. भांडलात तर चहा गार व्हायच्या आत समेट होवो. आणि तुमच्यातलं एक बोलत असताना दुसऱ्याचं लक्ष घड्याळाकडे न जावो. ओमिन.”

“ओमिन!” हॉल म्हणाला. मागच्या दारातूनही तोच आवाज आला. बेर्मेतने चेहऱ्यावरून हात फिरवले ते डोळ्यांपाशी जरा जास्तच वेळ थांबले.

मी सुटलो म्हणून वळलो, तोच कादिरबेक ओरडले, “कुदा, कुठे निघालात? तुमचा वेळ उरलाय! कोणाला देताय?”

खरेच, पडदा अजून पिवळाच होता. कितीतरी हात वर झाले. दुपारभर सगळ्यांना लवून नमस्कार करत उभ्या राहिलेल्या, आणि जिचे नाव बोलणाऱ्यांत कुठेच नव्हते अशा मुलीकडे मी माइक नेऊन दिला.

“मी काय बोलू?” बेर्मेत म्हणाली. “ताता, आता तुम्ही तारा नाही पाठवायच्या. असंच बोलायचं. आणि आता नाचायचं!”

पडदा लाल झाला. मी नाचलो. कादिरबेकांनी माझा हात धरला होता, म्हणजे पळून जाणे शक्यच नव्हते. आचारी कढया खाली ठेवून आत आले. संध्याकाळचे पाहुणेही आले. त्यांना वाटले, आपलेच लग्न सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी मी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. उत्तर लिहायला बसलो तर ते तारेएवढेच झाले : ‘तुर्दुबेक, येतो. बोलतोसुद्धा. माझ्या नावाने चार मिनिटे ठेव. उरतील ती तुझी.’

पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. “नारीनलाच ना हे? मग फोन का नाही करत, आजोबा?”

“फोनवर मला बोलता येत नाही,” मी म्हणालो, तिकीट चिकटवले आणि पाकीट पेटीत टाकले.