ग्रंथालयाच्या तीन खिडक्या

तुम्ही मला पाठ केलंत. घोकलंत, वहीत उतरवलंत, माझ्या जिवावर दहापैकी आठ गुण पदरात पाडून घेतलेत. पण मी सांगतो ते खरं आहे का, हे बघायला तुमच्यातलं एकही माणूस जागचं हललं नाही.

मी एक कागद बोलतोय. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला, इंग्रजीच्या बाईंच्या हजेरीपटात राहणारा. माझ्यावर ‘आमच्या शाळेचं ग्रंथालय’ हा छोटासा इंग्रजी लेख आहे.

बाई नोकरीत नव्या होत्या, तेव्हा एका दुपारी ग्रंथालयातच बसून त्यांनी मला लिहिलं. समोर दिसलं ते मांडलं: तीन उंच खिडक्या, गोल टेबल, हसतमुख ग्रंथपाल. दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर उतरवून त्या वर्गाला म्हणाल्या, “लेख असा लिहायचा. आधी बघायचं, मग लिहायचं.” वर्गाने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

पुढे ग्रंथपाल निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खोलीत मोडकी बाकं जाऊन पडली, दाराला कुलूप लागलं. मी मात्र दरवर्षी फळ्यावर चढत राहिलो. पोरं त्या बंद दारावरून वर्गात यायची आणि लिहायची, आम्ही इथे रोज वाचतो. चाळीस वह्यांत चाळीस हसतमुख ग्रंथपाल. लाज कागदालाही वाटते हो.

मग यंदा आठवीत शंकाताई आली. नाव वेगळं, पण हात सारखा वर म्हणून सगळा वर्ग तिला हेच म्हणतो. इंग्रजीत ती दोनदा आपटली होती. या परीक्षेतही आपटली, तर तिला याच वर्गात बसावं लागणार होतं. आणि वहीत लिहून द्यायच्या लेखाचे दहा गुण तेवढे हाताशी होते.

“गुपचूप उतरव की,” मैत्रीण म्हणाली. “आठ गुण बसल्या जागी.”

“पण खाली ग्रंथालयाला कुलूप आहे ना?”

“तुला लेख लिहायचाय की कुलूप उघडायचंय?”

मधल्या सुट्टीत शंकाताईने बाईंकडून मला मागून घेतलं आणि खाली गेली. स्टुलावर शिपाईमामा बसले होते. तिने किल्ली मागितली. मामांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, कमरेचा जुडगा सोडला आणि दार उघडून दिलं.

यादी घेऊन सामान ताडावं, तसं तिने मला धरून खोली ताडली. टेबल उलटं पडलेलं, तेही तीन पायांचं. बाकं एकतीस. खिडक्या दोन.

तिने सात वाक्यं लिहिली. ‘आमच्या ग्रंथालयात एकतीस मोडकी बाकं बसतात. ती वाचत नाहीत.’ इंग्रजी पार लंगडं होतं. बाईंनी लाल पेनाने सतरा चुका काढल्या आणि ‘दोन खिडक्या’ खोडून वर ‘तीन’ लिहिलं.

“बाई, दोनच आहेत,” शंकाताई म्हणाली.

“तीन आहेत. मी स्वतः मोजल्यात.”

“कधी?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, हजेरीपट तिच्या वहीसकट काखेत मारला आणि तिला घेऊन थेट खाली आल्या. परत हजेरीपटात आलेला मी तिथून डोकावत होतोच.

पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकवलेलं होतं. दोघींनी जोर लावून ते हातभर सरकवलं. मागे तिसरी खिडकी होती.

“तीनच आहेत,” बाई म्हणाल्या. मग धुळीने माखलेल्या हातांकडे बघत राहिल्या. “पण तू बघून दोन लिहिलंस, तेच बरोबर.” त्यांनी आपलं ‘तीन’ खोडलं. “सतरा चुका सुधारून आण. वाक्यं मात्र बदलू नकोस.”

दहापैकी पाच मिळाले. शंकाताई काठावर पास झाली. मला हे पाच गुण माझ्या सगळ्या आठांपेक्षा मोठे वाटतात.

आता मी ग्रंथालयातच असतो. निम्मी बाकं बाहेर गेलीत, निम्मी अजून अडून आहेत. माझ्या कोऱ्या पाठीवर त्या दोघी कपाटातल्या पुस्तकांची यादी करताहेत. मला पुन्हा फळ्यावर चढवू नका, एवढंच मागणं आहे. लेख लिहायचा असेल, तर आधी उठा आणि बघून या.

परवा मुख्याध्यापक दारात येऊन मामांना म्हणाले, “इतकी वर्षं ही खोली बंद होती, कोणी बोललं कसं नाही?”

मामा स्टुलावरून उठले. “किल्ली माझ्या कमरेलाच होती, साहेब. मागितली कोणी?”