राखेचा वास

गाठ सुटत नव्हती. ओल्या सुतळीची, घट्ट, शेवटचं टोक आत खुपसलेलं — म्हणजे मायच्याच हातची. उसाच्या मोळ्या बांधून बांधून त्या हातांना दुसरी गाठ ठाऊकच नाही. सुतळीखाली ड्रमच्या तोंडावरचा प्लास्टिकचा कागद टम्म फुगलेला, आतून थेंब धरलेला. सुकेशनीने नखं लावली, तर नखच दुमडलं. पहाटे उठून मायने हा उद्योग केलेला असणार... वास कोंडायला. अमोनिया म्हणजे काय पिशवीत बांधून ठेवायची कोथिंबीर आहे?

ड्रममध्ये भिजत होती ती ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांवरून फेकून दिलेली करडी राख. पाण्यात पडली की ती अमोनिया सोडते आणि सोडतच राहते. ढवळून, पाणी बदलून तो सगळा काढावा लागतो, मगच ती वाळवायची, पांढऱ्या मातीत कालवायची, साच्यात दाबायची, भाजायची. तेव्हा कुठे तिची वीट होते. आणि गंगाखेडजवळच्या बन्सीधरच्या गुऱ्हाळात, काहिलीखालच्या ज्या जाळात लाल विटा दर हंगामाला वितळून ओघळतात, तिथे तिची वीट गेला अख्खा हंगाम जशीच्या तशी बसून राहिली होती. यंदा चुलवाणाचं, त्या काहिलीखालच्या भट्टीचं, सगळं तोंडच तिच्या विटांनी बांधायचं त्याने ठरवलंय. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटणार. आज हा ड्रम इथून हलवावा लागला तर विटा नाहीत, आणि विटा नाहीत तर एम.एस्सी. करून वस्तीत परतलेली सुकेशनी म्हणजे राख कालवत बसलेली एक येडी, एवढंच उरतं.

काल दत्तराव सर येऊन गेले. शाळेत त्यांनीच तिला विज्ञान शिकवलं. आता निवृत्त होऊन विहाराचं सगळं बघतात. अंगणात बसून, चहा घेऊन, अगदी मायेने म्हणाले, की विहारात पाहुणे यायचेत, लोक आधीच आपल्या वस्तीला नावं ठेवतात, त्यांना आपण होऊन आणखी कारण कशाला द्यायचं? सकाळी चार माणसं घेऊन येतो, तोवर ड्रमचं काहीतरी कर. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला तोंडावर उत्तर देता येतं... साखर कारखान्याचा हंगाम लागला की मळीचा वास महिनोन्‌महिने लोकांच्या उशाशी झोपायला असतो, त्याला कुणी वास म्हणत नाही. सीझन लागला म्हणतात.

आणि मायची ती पहाट — ऊसतोडीच्या कोपीवरची, पाचटाच्या झोपडीमागच्या पाटाच्या गार पाण्यातली. लहानग्या सुकेशनीला काथ्याने घासायची, कातडी लाल होईस्तोवर. मग नाक लावून हुंगायची, कानामागे, केसांत, मानेवर, आणि मगच शाळेला सोडायची. वास नको यायला, इतकंच म्हणायची. कशाचा, ते तिने कधी सांगितलं नाही. पुढे होस्टेलवर खोलीतली मुलगी खिडकी उघडायला उठली की सुकेशनी गुपचूप आपली कॉलर हुंगायची. त्या मुलीला उकडत असेल. उकडतच असेल... पण ते सुकेशनीला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मुलाखतीला, बँकेत, प्रयोगशाळेत, सगळीकडे आधी कॉलर. चाळिशीला टेकलेली बाई, दाराशी थांबून स्वतःला हुंगते. कीव येते, आणि कीव सरली की संताप येतो.

"सोडू नको," मागून आवाज आला. माय होती. नुकतीच अंघोळ केलेली, केस चापून बसवलेले. "सर यायलेत. त्यांना जाऊ दे, मंग सोड."

"माय, आत गॅस भरलाय. असं कोंडलं तर भडका उडंल एखादवेळी."

"उडू दे," माय म्हणाली. "पन त्यांच्यासमोर नको."

सुकेशनीने वळून पाहिलं. मायच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. भडका परवडला, पण वास नको — हे ती मनापासून बोलत होती. सुकेशनीने भिंतीला टेकवलेला विळा उचलला आणि सुतळीखाली घातला.

सर कोपऱ्यावरून वळले आणि त्याच वेळी सुतळी तुटली. कागद फस्सकन बसला. वास अंगणभर गेला, अंगणाबाहेर गेला. सरांनी रुमाल नाकाला लावला. त्यांच्यासोबत गल्लीतला रिक्षावाला सिद्धोधन होता, आणखी दोघं होते. सिद्धोधनला सगळं माहीत होतं, तरी त्याने गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "कुनाच्या घरचा वास हाय ह्यो?"

आमच्या नाही — हे उत्तर तिच्या जिभेवर जन्मापासून तयार होतं. तिच्याआधी मायच्या जिभेवर होतं.

"माझा हाय," ती म्हणाली. "राख धुऊन संपेस्तोवर येनार."

माय आत निघून गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला. संध्याकाळी विहारात बसून ठरवू, असं सर रुमालातून म्हणाले. पुढचं तिने अर्धवटच ऐकलं. ठरवतील. ड्रम हलवायला लावतील, कदाचित हलवतीलही. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्या अमोनियाने, आणि ही रडते आहे असं त्यांना वाटत असेल तर खुशाल वाटो. तिने बांबू घेतला, तळापर्यंत खुपसला आणि ढवळलं, तशी आणखी एक उग्र लाट वर आली. माणसं अजून उभीच होती. त्यांनी लवकर जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. उलट दोन पावलं पुढे यावं, तो रुमाल खिशात घालावा आणि एकदा नीट, छाती भरून हुंगावं, असं वाटत होतं.