फोटोपुरता कोट

काकांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा सगळ्यात आधी मला ताब्यात घेतलं. त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे काकांनी ठरवलं. जुने दाखले, खरेदीखतं धुंडाळून आणि दूरदूरच्या नातेवाइकांची डोकी खाऊन त्यांनी सात पिढ्या गोळा केल्या होत्या. दाखला असल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. पहिलं वाक्य तेवढं त्यांनी कुठलाही दाखला न बघता, डोळे मिटून सांगितलं: ‘आमचे घराणे उंचापुऱ्या पुरुषांचे.’

मी मान वर केली. समोरच्या खुर्चीत माझे बाबा पेपर वाचत बसले होते आणि त्यांचे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते.

“काका, बाबांचं काय करायचं?”

“अपवाद,” काका म्हणाले. “तळटीप टाक.”

काका सहा फूट एक इंच, बाबा पाच फूट एक. लहानपणापासून काका त्यांना ‘ठेंगू’ म्हणतात आणि आता बाबा सत्तरीला आले तरी त्यात बदल नाही. या दोघांचे वडील, म्हणजे अण्णा, तेही बेताचेच होते. पण त्यांना लहानपणी टायफॉइड झाला होता, असं काकांचं संशोधन. बाबांना तर साधा गोवरही झाला नव्हता. म्हणून त्यांच्यासाठी दवाखान्यात बाळं बदलल्याची गोष्ट होती. काका ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला नव्याने सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. बाबाही हसायचे.

मी बाबांचीच मुलगी, उंचीनं आणि स्वभावानंही, पण माझं डोकं जरा लवकर फिरतं. एकदा मी त्यांना विचारलंच, तुम्ही हे खपवून कसं घेता? ते चष्मा पुसत म्हणाले, “मस्करी आहे गं. पण ऐकून ऐकून कधीकधी वाटतं, खरंच बदललं असेल की काय.” हे म्हणताना त्यांना हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी या इतिहासाच्या मागेच लागले.

काकांचा मुख्य पुरावा दिवाणखान्यात टांगलेला होता. माझ्या पणजोबांचा फोटो. जमिनीपर्यंत लोळणारा कोट, ताठ मान, आणि शेजारचं फुलदाणीचं टेबल बिचारं त्यांच्या मांडीपर्यंतच आलेलं. हाच फोटो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर जाणार होता आणि खाली काकांना छातीचं माप हवं होतं. “बेचाळीस तरी असणार,” ते म्हणाले. “शिंप्याकडे जा. जुनी मापाची वही काढायला सांग.”

ते दुकान चार पिढ्यांपासून आमचे कपडे शिवतंय. बाबाही माझ्याबरोबर निघाले, कारण त्यांच्या काखेत नवी पँट होती. बाबांची कुठलीही नवी पँट आधी शिंप्याकडे जाते, चार बोटं कापून घेते, आणि मगच घरी येते.

शिंपीकाकांनी पोटमाळ्यावरून ट्रंक उतरवली. वह्या कापडात बांधलेल्या, सालवार लावलेल्या. फोटोमागची तारीख मी सांगितली तशी त्यांनी नेमकी वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले.

“छाती चौतीस. बाही एकवीस. विजारीची लांबी पस्तीस.” ते थांबले. टेबलावर बाबांची पँट पसरलेली होती आणि तिच्यावर नुकतीच त्यांनी खडूची रेघ मारली होती. त्यांनी टेप लावून पुन्हा बघितलं. “यांचीही पस्तीसच.”

“आणि कोट?” मी विचारलं.

“कोटाची लांबी साठ. पस्तीसच्या विजारीवर साठचा कोट?” त्यांनी चष्मा खाली ओढून समासातली बारीक नोंद वाचली. “‘पायाखालचा खोका नऊ इंच. खोका पूर्ण झाकला जावा. कोट फोटोपुरता. नंतर आखूड करून देणे.’”

मग बाबांनी ती नोंद त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा ‘खोका नऊ इंच’ आलं तेव्हा त्यांनी टेबलाला हात टेकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मी मोबाइलवर पानाचा फोटो काढला. परतताना बाबा इतके भराभर चालत होते की मला धाप लागली. मध्येच थांबून मोबाइल मागायचे, बघायचे, परत द्यायचे. दादाला काय काय सुनावायचं त्याची वाटेत मोठ्यानं तालीमही झाली. साठ वर्षांचं साचलेलं होतं. मी म्हटलं, बोला बाबा, आज काही शिल्लक ठेवू नका.

काकांनी मोबाइल भिंगाखाली धरला. “हे दुसऱ्या कुणाचं तरी असेल,” ते म्हणाले. पण नाव तेच, पत्ता तोच, तारीखही तीच. आणि लेखी दाखला मानायचा, हा नियम त्यांनीच केलेला. ते उठले, फोटोजवळ गेले आणि कोटाच्या खालच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. परत येऊन बसले तेव्हा आपली सहा फूट एक इंच उंची कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

“मग मी कुणावर गेलो?” ते म्हणाले.

त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. मला वाईट वाटलं. वाटेल असं वाटलं नव्हतं, पण वाटलं. बाबांना दवाखान्याची गोष्ट व्याजासकट परत करायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि मी डोळे मिटून घेतले.

“कुणावर म्हणजे? आईवर,” बाबा म्हणाले. “ती वरच्या फळीवरचे डबे नुसता हात वर करून काढायची. अण्णांना स्टूल लागायचं. विसरलास?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “आईबद्दल आपण काय लिहिलंय?”

मी पान अकरा काढलं. “तिचं नाव. आणि पुढे ‘पत्नी’.”

“एवढंच?”

“एवढंच सांगितलंत तुम्ही.”

बाबा खुर्ची ओढून काकांजवळ बसले. वाटेत तालीम केलेलं त्यातलं एक अक्षरही त्यांनी उच्चारलं नाही.

“तू दारातून मान वाकवून आत येतोस ना, तशीच यायची ती,” ते म्हणाले. “ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. तुझ्याकडे बघूनच आठवतो. नाहीतर इतकी वर्षं तुझं ऐकून घेतलं असतं का मी?”

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून बसले.

“हे आधी नाही का बोलायचं, ठेंगू?”

“तू बोलू दिलंस कधी, दादा?”