तिसऱ्या दिवसाचा सूर्य

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो, आणि जन्माची भित्री आहे. पाचोळा सळसळला तरी माझे कान ताठ होतात. तरी माझ्या नशिबी आले अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे न्यायाधीश अब्नेर हॅस्केल! ते साधे वकील असताना त्यांनी मला घेतले. न्यायाधीश झाल्यावर वर्षातून दोनदा आठ गावांना जाऊन ते न्यायालय भरवत. खोगिराच्या एका पिशवीत कायद्याची पुस्तके, दुसरीत मक्याची भाकरी. वाटेतल्या सराईत ते आणि गावोगावी फिरणारे वकील एकाच बिछान्यात दाटीवाटीने झोपत.

कायदा मात्र कडक होता. न्यायालयाच्या ठरलेल्या तारखेपासून तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत न्यायाधीश पोहोचले नाहीत, तर न्यायालय थेट सहा महिन्यांनी भरे. तोवर कैदी कोठडीतच.

एका वर्षी शरद ऋतूत शेवटच्या गावी टॅबिथा मूडी नावाची विधवा कोठडीत होती. शेजाऱ्याचे कोठार जाळल्याचा तिच्यावर आरोप होता. त्या लाकडी कोठडीत चूल नव्हती. मागच्या हिवाळ्यात तिथे एक कैदी गारठून मेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीवर पोहोचलो, तर तिला पूर आलेला. नावाडी जेथ्रोने नाव सोडायला साफ नकार दिला.

"साहेब, तुम्हीच वाहून गेलात तर खटला कोण चालवणार, मासे?"

साहेबांनी मला पाण्याकडे वळवले. मी मागे सरले. त्यांनी माझी मान थोपटली.

"मलाही भीती वाटतेय गं," ते म्हणाले. "पण ती बाई आपल्याहून जास्त घाबरली असेल."

मी पाण्यात उतरले. मध्यावर एक ओंडका माझ्या गुडघ्यावर आदळला. नाकातोंडात पाणी गेले, आता संपले सगळे, असे वाटले. कशीबशी पैलतीराला लागले आणि लंगडतच पुढे निघाले.

गावात पोहोचलो तेव्हा तिथला पोलीस अधिकारी, शेरीफ, न्यायालय बंद झाल्याचे सांगायला पायरीवर आला होता. सूर्याची कड अजून दिसत होती. साहेबांचे पाय गारठले होते, त्यांना उतरताच येईना. ते माझ्या पाठीवरूनच म्हणाले, "न्यायालय सुरू झालं आहे. आधी त्या बाईला शेकोटीपाशी आणा."

दुसऱ्या दिवशी बारा पंचांनी तिला निर्दोष सोडले.

माझा गुडघा कधीच बरा झाला नाही. लंगडी घोडी कशाला पोसता, असे लोक साहेबांना विचारतात. तेव्हा ते त्या पुराची गोष्ट सांगतात. मित्रांनो, तुमच्या येण्यावर कुणाचा जीव अडकला असेल, तर काठावर थांबून राहू नका. घाबरत या, पण या.