जिन्याखालचा सर्व्हर

साहेब, आमच्या मशिनांची नावं तुम्ही पुसलीत. कुणाला न विचारता, एका दुपारी. वर त्याला 'सुसूत्रीकरण' असा गोंडस शब्द चिकटवलात.

ती नावं ताईंनी दिलेली. या हॉस्पिटलचं नेटवर्क त्यांनी उभं केलं आणि मला हाताला धरून शिकवलं. नवं मशीन आलं की आधी नाव, मग वायर. आल्यागेल्याला दारातच अडवणारं फायरवॉलचं मशीन, ती सासूबाई. काहीही टाकून न देणारी, बॅकअपची आजी. आणि लॅबमधला लेबलांचा प्रिंटर जावई, कारण तो कधी रुसेल याचा नेम नाही.

लॅबमधून फोन यायचा, "ताई, जावई अडून बसलेत."

"आले, समजूत काढते."

आता त्यांना तुम्ही आकडे दिलेत. आकड्याची समजूत कोण काढणार?

परवा ताई सहज भेटायला आल्या. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच. मी कौतुकानं नवं टूल दाखवलं. कमांड लिहून मशीनचं नाव विचारायचं, ते डीएनएसकडून, म्हणजे नेटवर्कच्या नावं-पत्त्यांच्या वहीतून, पत्ता आणून देतं. जुनी कमांड त्यासाठी अर्धं पान ओकायची, हे एका रंगीत ओळीत उरकतं.

"एवढे रंग? लग्नपत्रिका छापतोयस का?" असं म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढला आणि जावयाचा पत्ता विचारला.

उत्तर आलं, असं नाव अस्तित्वात नाही.

आजी. नाही. सासूबाई. तीही नाही. नावं पुसल्याचं मला सांगावंच लागलं.

त्या म्हणाल्या, "जिन्याखालच्या म्हाताऱ्याला विचारलंस?"

जिन्याखाली, फरशी पुसायच्या बादल्यांमागे, त्यांनी बसवलेला पहिला सर्व्हर अजून घरघरतोय. सगळ्या नावांची त्याची स्वतःची प्रत आहे. तो तुमच्या लक्षातच नव्हता, म्हणून वाचला. मी टूलला सांगितलं, बाकी कुणाला नको, फक्त त्याला विचार.

लगेच ओळ उमटली. जावई, आणि पुढं त्याचा पत्ता.

ताई हसल्या. "बिचाऱ्याला कुणी कळवलंच नाही रे." मग कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

आमची ती विचारपूस तुमच्या माणसांना नेटवर्कच्या नोंदींत, लॉगमध्ये दिसली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या अंगावर कागद: अनधिकृत यंत्र, सोमवारी बंद करणार.

तो बंद झाला की ती नावं कुठंच उरणार नाहीत. मी मेल केला. फोन केला. तुमच्या केबिनबाहेर ताटकळत बसलो. म्हाताऱ्याला खुशाल काढा, पण आधी त्याच्याकडची नावं नव्या सर्व्हरवर घ्या, एवढंच मागणं. तुमचे आकडे राहू देत, शेजारी टोपणनाव जोडायला एकेक ओळ लागते. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत.

साहेब, तुमचा तो कोरा करकरीत सर्व्हरसुद्धा विचारल्यावर 'नाही' एवढं तरी म्हणतो. तुमच्याकडून तेही येत नाही. सोमवार तोंडावर आलाय. ताईंची नावं परत देताय की नाही? उत्तर द्या.