अर्धा फेरा वर, अर्धा फेरा खाली

सासूबाईंचा हात जड होता. त्यांनी दार लावलं की खिडकीच्या काचा थरथरत, आणि त्यांनी चहात साखर ढवळली की पलीकडच्या खोलीत झोपलेला माणूस जागा होई. पण उभी हयात चष्म्याच्या दुकानात फ्रेमा बसवण्यात गेल्यामुळे बारीकसारीक स्क्रूंशी त्यांचं छान जमे. कुणाच्या नाकावर चष्मा तिरका बसतो, कुणाचा एक कान अंमळ वर आहे, हे त्यांना गिऱ्हाईक दारातून आत येतानाच दिसायचं. निवृत्त झाल्यावर हे सगळं कसब घरी येऊन बसलं, आणि घरात चष्मे दोनच. ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात सरळ करून टाकले. मग हातांना काम उरलं नाही.

सून इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. विमा कचेरीतून संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन, कानाला हेडफोन लावून ती खोलीच्या कोपऱ्यात बसे. तिला काय ऐकू येई ते तिलाच ठाऊक. बाहेर नुसती टिकटिक, कोणी चमच्याने ताटलीशी चाळा करावा तशी. रविवारी ती आणि तिची मित्रमंडळी एका तळघरात जमून वाजवत. सासूबाई या सगळ्याला "तिचं ते" म्हणत. "तिचं ते झालं की जेवायला बसू." त्यात राग नव्हता, तसं कौतुकही नव्हतं.

एका सकाळी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर धूळ पुसता पुसता फडकं तारांवरून फिरलं आणि सहाच्या सहा तारा एकदम बोलल्या. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. घरात चिटपाखरू नव्हतं, तरी पाहिलं. मग फडकं खांद्यावर टाकून त्यांनी पुन्हा एकदा, या वेळी मुद्दाम, तारांवरून बोट फिरवलं.

त्या दिवशी भाजी करपली.

सुनेने भिंतीवर एक तक्ता चिकटवला होता. कोणतं बोट कोणत्या तारेवर ठेवायचं याची चित्रं. सासूबाईंनी तो चष्मा वर-खाली करत वाचला आणि बोटं तशी ठेवून पाहिली. पहिल्या दिवशी बोटांची टोकं लाल झाली, नंतर ती घट्ट होत गेली, आणि हळूहळू एक, दोन, तीन जुळण्या, सून ज्यांना कॉर्ड म्हणे, नीट वाजायला लागल्या. आवाज मात्र अगदीच लहान यायचा, म्हणून त्या जोर लावायच्या. पिक नावाची प्लास्टिकची तिकोनी टिकली चिमटीत धरून, बाह्या सरसावून, धोपटणं घेतल्यासारख्या वाजवायच्या.

अशाच एका दुपारी जाड तारेतून खर्रर असा आवाज यायला लागला, रिकाम्या डब्यात माशी अडकावी तसा. सासूबाईंनी तारेवर हात दाबला. मोडली. सुनेची वस्तू तिला न विचारता घेतली आणि मोडून ठेवली. त्यांनी घाईने गिटार जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या. मग राहवेना म्हणून परत आल्या, एक डोळा मिटला आणि चष्म्याची काडी पारखावी तशी गिटारची मान उजेडाकडे धरून तिच्यावरून नजर टाकली.

मोडलं काहीच नव्हतं. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या होत्या, आणि तारा त्यांना जवळजवळ चिकटूनच गेल्या होत्या. हळू छेडली तर तार बिनबोभाट थरथरे. जोरात छेडली की झोका मोठा होई आणि तार त्या पट्ट्यांना घासे. खरखर तिथली होती. तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकल्या होत्या त्या पुलाखाली, दोन बाजूंना दोन चपटी चाकं होती. सासूबाईंनी ती बोटाने चाचपली आणि दोन्ही अर्धा अर्धा फेरा फिरवली. तारा केसभर वर आल्या. त्यांनी दणकून वाजवलं. खरखर गेली होती. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सून बोटं चोळत जेवायला आली.

"काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. "तारा वर आल्यात. दाबून दाबून बोटांचा भुगा झाला. सूरही चढलाय."

"हवा बदलतेय," मुलगा म्हणाला. "लाकूड आहे शेवटी. फुगणारच."

मुलाला लाकडातलं इतपतच कळे की ते झाडापासून मिळतं. सासूबाईंनी ताटातून नजर वर केली नाही.

सुनेने चाकं अर्धा फेरा खाली केली. दुसऱ्या दिवशी खरखर परत आली, म्हणून सासूबाईंनी ती अर्धा फेरा वर केली. रोज संध्याकाळच्या आत सगळं होतं तसं करून ठेवायचं, असं त्या ठरवत. पण एकदा बोटं तारांना लागली की घड्याळाकडे लक्ष जात नसे, आणि जिन्यात सुनेच्या चपला वाजल्या की गिटार जागेवर ठेवून जेमतेम ओट्यापाशी पोचता येई. असा सगळा खेळ सुरू झाला. दिवसा वर, संध्याकाळी खाली. मांजर डोळे मिटून दूध पितं तशा सासूबाई वाजवत राहिल्या, आणि सून हवेला दोष देत राहिली. तिने गिटार खिडकीपासून लांब ठेवली, मग कपाटात ठेवली, मग आतली हवा कोरडी राहावी म्हणून गिटारच्या पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या. सासूबाई पुड्या बाजूला काढून गिटार घेत आणि वाजवून झाल्यावर पुड्या आठवणीने परत घालत. चाकं तेवढी विसरत.

शेवटी सुनेने गिटार डॉक्टरला दाखवली. डॉक्टर म्हणजे गिटारी दुरुस्त करणारा. सगळे त्याला याच नावाने ओळखत. त्यानेही आधी हवेवर ढकललं आणि तारा खाली करून दिल्या. पण चार दिवसांनी गिटार पुन्हा तशीच झाल्यावर तो फोनवर म्हणाला की अशी चंचल मान आपण पाहिली नाही, शनिवारी घेऊन या, बहुतेक मान बदलावीच लागेल.

सुनेचा चेहरा उतरला. "ही मान माझ्या हाताची झालीय हो, आई," ती म्हणाली. "डोळे मिटून कुठे काय आहे ते कळतं मला. दुसरी म्हणजे घरात कोणी परकंच येऊन बसल्यासारखं होणार."

सासूबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"शनिवारी मीही येते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? कंटाळाल हो तिथे."

"पाहू."

डॉक्टरचं दुकान एका जिन्याखाली होतं. भिंतीवर गिटारी मानेला धरून टांगल्या होत्या आणि सगळीकडे वॉर्निशचा वास होता. डॉक्टर जाडजूड, बोलायला मऊ, आणि त्याचा चष्मा डाव्या बाजूला चांगलाच कलंडलेला. सासूबाईंचे हात शिवशिवले, पण आज आपण दुसऱ्याच कामाला आलो आहोत हे त्यांनी स्वतःला बजावलं.

डॉक्टरने मानेवर पोलादाची सरळ पट्टी ठेवली, खाली वाकून फट बघितली, पट्टी उचलली, पुन्हा ठेवली.

"मान ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मी उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होतो. मान हलत नाहीये. चाकं फिरतायत. आणि ती काही आपोआप फिरत नाहीत. कोणीतरी फिरवतंय, आणि हात कसलेला आहे. दोन्ही बाजू कशा मोजून उचलल्यात बघा."

"घरात आम्ही तिघं," सून म्हणाली. "आणि नवऱ्याला तर स्क्रूड्रायव्हर कोणत्या टोकाला धरतात तेही माहीत नाही."

"मी फिरवते," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरने पट्टी काउंटरवर ठेवली. सुनेने आधी सासूबाईंकडे, मग गिटारकडे, मग पुन्हा सासूबाईंकडे पाहिलं.

"का पण, आई?"

"खरखर येते म्हणून."

"कधी येते?"

"वाजवताना."

सून जवळच्या स्टुलावर बसली. "तुम्ही वाजवता?"

"वाजवते म्हणजे काय, तुझं ते भिंतीवरचं बघून. चार-पाच येतात. ती एफ नावाची जुळणी येत नाही."

"एफ सुरुवातीला कोणालाच येत नाही," डॉक्टर म्हणाला. "बघू, वाजवा."

त्याने तारा सुनेच्या उंचीवर आणल्या आणि गिटार सासूबाईंच्या मांडीवर दिली. सासूबाईंनी बोटं बसवली, पिक चिमटीत धरली आणि रोजच्यासारखा दणका दिला. काउंटरवरच्या डब्यातले स्क्रू खुळखुळले. मागोमाग खर्रर आलं.

"हीच ती," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हनुवटी खाजवत राहिला. "घरी हिला कशाला जोडून वाजवता?"

"जोडून म्हणजे?"

"अ‍ॅम्प्लिफायर असेल ना. काळी पेटी."

"ती कोपऱ्यातली? तिच्यावर मी वाळलेले कपडे घड्या करून ठेवते."

सून हसायला लागली. आधी तिने तोंडावर हात धरला, मग धरवेना. सासूबाईंना वाटलं आता आपली चांगलीच फजिती झाली, पण त्या हसण्यात काही टोचणारं नव्हतं, आणि थोड्या वेळाने त्यांनाही हसू आलं.

"काकू, हिला पोट नाही," डॉक्टरने गिटारच्या भरीव अंगावर टिचकी मारली. "साध्या गिटारला पोकळ पोट असतं, तिचा आवाज तिथे घुमतो. हिचा आवाज पेटीतून यायचा. पेटीशिवाय ऐकू येत नाही म्हणून तुम्ही जोर लावता, जोर लावला की तार घासते, तार घासली की तुम्ही चाकं फिरवता. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही ती अर्धीच वाजवत होतात."

त्याने वायरचं एक टोक गिटारला लावलं, दुसरं दुकानातल्या तशाच पेटीत खुपसलं आणि बटण फिरवलं. पेटी हलकेच गुणगुणू लागली.

"आता वाजवा. हळू हं."

सासूबाईंच्या लेखी तो हळूच हात होता. पण दुकान असं दणाणलं की भिंतीवरच्या गिटारीसुद्धा आपापल्या खुंटीवर थरथरल्या. सासूबाईंनी तारांवरून हात काढून घेतला, आगीवरून काढावा तसा. मग श्वास घेऊन त्यांनी पिक तारांवरून नुसती ओढली, बाळाच्या केसांतून बोटं फिरवतात तितक्याच बेताने.

आवाज आला तो भरून आला. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकेक सूर वेगळा ऐकू आला, मग सगळे एकात एक मिसळले आणि कितीतरी वेळ खोलीत राहिले. सासूबाई तो विरेपर्यंत ऐकत बसल्या. आपल्या हाताखालून इतकं मोठं काही निघतं आणि त्यासाठी इतकं थोडं करावं लागतं, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांनी परत वाजवलं. मग पुन्हा.

"खरखर कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"हलक्या हाताला ती येतच नाही. आणि आलीच कधी थोडी, तरी ती तारेजवळच राहते. पेटीपर्यंत फारशी पोचत नाही."

"रोज तुला हे असं ऐकू येतं?" सासूबाईंनी सुनेकडे बघत विचारलं.

"रोज," सून म्हणाली.

"आणि मी जेवायला हाका मारते."

मग डॉक्टरने दोघींना आळीपाळीने वाजवायला लावून उंची ठरवली. बारीक तारांच्या बाजूला सुनेचं म्हणणं राहिलं. जाड तारांच्या बाजूला सासूबाई पाव फेरा मागत होत्या आणि सून अजिबात नाही म्हणत होती. एरवी सासूसमोर आवाज न चढवणारी सून काउंटरवर हात आपटून बोलली, आणि सासूबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. शेवटी पाव फेऱ्याच्याही अर्ध्यावर मिटलं.

"आता घरी जाऊन कोणी हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "दोघींनीही."

परतताना गिटार सुनेच्या पाठीवर होती. सासूबाई शेजारून चालत होत्या आणि हातातल्या पिशवीचा बंद गिटारची मान समजून त्यावर बोटं बसवत होत्या.

"आई, मला विचारायचं ना."

"तू हसली असतीस."

"हसले तर असतेच. मग शिकवलंही असतं."

घरी मुलाने विचारलं, "काय, मान बदलली?"

"मान तीच आहे," सून म्हणाली. "हात बदलला."

मुलाला त्यातलं काही कळलं नाही. पण त्या संध्याकाळी वाळलेले कपडे पेटीवरून त्याच्या टेबलावर गेले, आणि जेवणाचं काय असं विचारल्यावर दोघींनीही त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूटपणे ओट्याकडे वळला.

पुढच्या रविवारी सून त्यांना तळघरात घेऊन गेली. ड्रम वाजवणारा शाळेत भूगोल शिकवायचा, गाणारी दवाखान्यात परिचारिका होती, आणि चौथा, जाड तारांची लांबलचक गिटार वाजवणारा, काय करायचा ते सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो बोलतच नसे. सासूबाई फक्त ऐकायला म्हणून गेल्या होत्या. मध्येच सुनेने गिटार काढून त्यांच्या गळ्यात अडकवली.

"दोनच जुळण्या आहेत, आई. दोन्ही तुम्हाला येतात. चारपर्यंत मोजायचं आणि बदलायचं."

"चुकले तर?"

"चुकाल."

ड्रमवाल्याने काड्या एकमेकींवर आपटून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, आणि तीनवरच सासूबाईंनी सुरू केलं. त्यांना ते त्याच क्षणी कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण ड्रमवाला थांबला नाही. त्याने मोजणं अर्ध्यावर सोडलं आणि आपला ठोका उचलून त्यांच्या हाताखाली आणून ठेवला. न बोलणारा गडी त्याच्या मागून आला. सून शेजारी उभी राहून बोटांवर चार मोजत होती. सासूबाईंनी बदलायच्या जागी बदललं, पुन्हा बदललं, आणि त्यांच्यामागे सगळं तळघर बदलत गेलं. गाणारी गायला लागली.

संपल्यावर ड्रमवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या आणि कपाळावरचा घाम पुसला.

"काकू, अजून एकदा घ्यायचं का?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी सुरू केलंही होतं.